कस्तुरचंदजींची विलायती मेथी

मालेगावच्या कस्तुरचंदजींनी जन्मभर कापड विकलं, तुळशीलाही कधी पाणी घातलं नाही. पण मुलानं, मयंकनं, लंडनबाहेर सुट्ट्यांपुरतं दुसरं घर घेतलं आणि तिथं गेल्याबरोबर सेठजींच्या अंगात शेतकरी संचारला. वसंतात त्यांनी मेथी पेरली. आपल्या हातची भाजी गावाला दाखवायचीच होती. कोंबांवर गोगलगायी तुटून पडल्या.

“औषध टाकू का, बाबूजी?”

“जीव मारतं काय रे? जैन आहो आपण!”

मग अहिंसा म्हणून ते रोज वाटीभर गोगलगायी शेजारणीच्या कोबीत हळूच सोडू लागले. शेजारीणही भली. म्हाताऱ्यानं त्या पाळल्यात असं समजून ती संध्याकाळी साऱ्या परत आणून सोडे. मेथीचा कोंबही उरला नाही.

परवा सेठजींनी मला इकडे गावी व्हिडिओ कॉल केला. हातात जुडी. “पाय बरं, घरची मेथी!”

जुडीला दुकानाचं रबर तसंच होतं.