डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं बाकीचं

हे मी आजपर्यंत कोणाच्या कानावर घातलेलं न्हाई. घरधन्याच्या न्हाई, पाठच्या बहिणीच्या न्हाई, मठात स्वामींसमोर हात जोडून बसले तेव्हाही न्हाई. दहा वर्षं झाली. कधी कधी भाकर थापता थापता एकदम आठवतं — हात तसाच राहतो, तव्यावरची भाकर करपते, आणि पोरं म्हणतात, आई, ध्यान कुठं हाय तुझं? काय सांगू त्यांना? तुमाला सांगून राहिले, कारण तुमी मला वळखत न्हाई. वळखत असता तर तुमालाबी सांगितलं नसतं. एवढी मी धीराची न्हाई.

तर आधी घर सांगते. आखाडा बाळापूरपासून थोडं आत आमचं गाव. आमी लिंगायत. मटण, मासळी, अंडं — नावसुद्धा काढायचं न्हाई घरात. माझ्या सासूबाई, त्यांना आमी आत्याबाई म्हणतो, त्या तर एवढ्या कडक, की एकदा दिरानं बाजारातून सोयाबीनच्या वड्या आणल्या, मी शिजवल्या, आणि आत्याबाईंनी पातेल्यात डोकावून बघितलं. म्हणाल्या, ‘शिव शिव, हे तर मटणावानी दिसून राहिलं. माझ्या चुलीवर नको.’ सगळ्या वड्या म्हशीपुढं गेल्या. आणि गंमत बघा — आमच्याच रानात सोयाबीन. दर साली पोत्यांनी निघतं आणि पोत्यांनीच आडतीवर जातं. घरात एक दाणा कोणी तोंडात टाकत न्हाई. सोयाबीन म्हंजे विकायची चीज, असंच आमच्याकडं समजतात.

बाकी तूर होती, हरभरा होता, मूग-मटकी होती, भुईमुगाच्या शेंगा होत्या, दारात दोन म्हशी होत्या. खायला नव्हतं असं कोणी म्हणू नये. मी तर न्हाईच म्हणणार.

रांधायचं आणि वाढायचं माझ्याकडं, कारण मी थोरली. आता वाढणं काय असतं ते बाईमाणसालाच कळतं. वरणाच्या पातेल्यात डाळ तळाला बसते. पळी तळातून फिरवली तर डाळ येते, वरच्यावर फिरवली तर पिवळं पाणी येतं. आमच्यात पुरुषांच्या ताटाला पळी तळातून, मग लेकरं, मग आत्याबाई, आणि शेवटी आमी दोघी जावा. तोवर पातेल्यात जे राहिलं असेल त्याच्यात तांब्याभर पाणी ओतायचं, तिखट-मीठ टाकायचं, उकळी आणायची आणि भाकर बुडवून खायची. मी या घरात आले तेव्हापासून तेच खाल्लं. दोन्ही पोरांच्या वेळी पोटुशी होते तेव्हाही तेच. कोणी विचारलं न्हाई, मीबी बोलले न्हाई.

हे काहून सांगते मी? सबब म्हणून न्हाई. म्हंजे — खरं सांगू? थोडं सबब म्हणूनच सांगत होते. जाऊ द्या.

मंगल माझी धाकटी जाऊ. बोलकी पोरगी. मला अक्का म्हणायची, अजून म्हणते. आली तेव्हा मला बरं वाटलं, हाताखाली कोणी तरी आलं, बोलायला कोणी तरी आलं. माझी वेणी घालून द्यायची. दळण आणायला गेली तर येताना माझ्यासाठी बोरं आणायची पदरात. वाईट म्हणावं असं तिनं माझं काहीच केलेलं न्हाई. मी किती आठवून बघितलं — एखादं तरी सापडावं, एखादा टोमणा, एखादं भांडण. न्हाई सापडत.

लग्नाला चार वर्षं झाल्यावर तिला दिवस गेले. मग काय विचारता! आत्याबाई तिला जड उचलू देईनात. दीर बाजारातून येताना तिच्यासाठी खाऊची पुडी आणायचा आणि सगळ्यांसमोर तिच्या हातात द्यायचा. आमचे हे — माझे मालक — मलाच म्हणाले, ‘मंगलकडं ध्यान दे, लई वाळली ती.’ मी नवव्या महिन्यात हरभरा उपटायला गेले होते, तेव्हा यांच्या तोंडून असं कधी निघालं न्हाई. मी व्हय म्हणलं आणि भांडी घासायला बसले. राख लावून एवढं घासलं, एवढं घासलं, की आत्याबाई ओरडल्या, पातेल्याला भोक पाडती का?

मला मंगलचा मत्सर वाटत होता. दुसरं काही नाव देता येईल का त्याला? मी बघितलं देऊन. न्हाई देता येत.

सहाव्या महिन्यात तिला चक्कर यायला लागली. आत्याबाई म्हणाल्या, थोरले, तू घेऊन जा तिला तालुक्याला. गेलो आमी. दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, तरुणच होत्या, बोलायला गोड. मंगलला तपासलं, वजन केलं, आणि तिला तपासणीसाठी रक्त द्यायला पलीकडच्या खोलीत पाठवलं. मग माझ्याकडं बघून विचारलं, ‘घरात रांधतं कोण?’

‘मीच,’ मी म्हणलं.

‘मग तुमीच नीट ऐका. तिचं वजन वाढत न्हाई, पोटातलं लेकरू बारीक हाय. पोटभर भाकर खाऊन भागत न्हाई, अंग भरायला प्रोटीन लागतं. अंडं खाता का घरात? रोज एक द्या.’

मी मान हलवली, म्हणलं, आमच्यात चालत न्हाई.

‘काही हरकत न्हाई,’ बाई म्हणाल्या. आणि त्यांनी बोटांवर मोजून मोजून सांगितलं. दोन्ही वेळा घट्ट वरण, वाटी भरून, भाकरीसोबत. एकाड दिवशी मोड आलेली मटकी न्हाईतर मूग. मूठभर शेंगदाणे, गुळाच्या खड्यासोबत. सकाळी दूध, दुपारी दही. सोयाबीन होतं ना तुमच्या रानात? ते भाजून ज्वारीच्या दळणात टाकत जा, थोडंच, चवही कळायची न्हाई. मग हसल्या आणि म्हणाल्या, ‘बघा ताई, विकत काहीच आणायचं न्हाई. सगळं तुमच्या घरात हाय. फकत तिच्या ताटात पडलं पाहिजे.’

शब्द न् शब्द पाठ हाय मला. आज उठवून विचारलं तरी सांगेन.

येताना जीपमध्ये मंगलनं विचारलं, ‘काय म्हणल्या हो अक्का?’ मी म्हणलं, घरी गेल्यावर सांगते, सगळ्यांसमोर. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकवून झोपली, थकली होती बिचारी. आणि मी? मी विचार करत होते. तासाभराचा रस्ता. म्हंजे मी रागात पटकन बोलून गेले, असं न्हाई. तेवढी सोय मला न्हाई. मला दिसून राहिलं होतं — उद्यापासून मीच पळी तळातून फिरवायची, मंगलच्या ताटात डाळ वाढायची, मटकीला मोड आणायचे, तिच्यापुढं दह्याची वाटी ठेवायची. आणि मी मात्र तेच पाणी ओतलेलं खायचं.

दारात पाय ठेवला तशा आत्याबाईंनी विचारलं, ‘काय म्हणली गं डॉक्टरीण?’

मी म्हणलं, ‘अंडी खायला सांगितली.’

एवढंच. लबाडीसुद्धा धड न्हाई ती. बाईंनी अंडं म्हणलंच होतं की. पण पुढचं सगळं मी गिळलं, आणि गिळताना मला पक्कं ठाऊक होतं काय होणार ते. झालंही तसंच. आत्याबाईंनी गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि जो तोंडाचा पट्टा सुटला! आमचं घर बाटवायला बसली का ती? आमी लेकरं जन्माला घातली न्हाईत का? पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढायची न्हाई! दीर काही तरी बोलायला गेला, त्याला एका शब्दात गप केलं. आणि मंगल — तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, डॉक्टरीण आणि आत्याबाई यांच्या मधे मीच कात्रीत सापडले. माझा हात धरून म्हणाली, ‘अक्का, तुमी कशाला टेन्शन घेता? मी न्हाई खायची अंडी. मरून गेले तरी न्हाई खायची.’

तेव्हा बोलता आलं असतं. एक वाक्य, बस. बाई अजूनही काही म्हणाल्या होत्या, एवढं म्हणलं असतं तरी झालं असतं.

बरं, बोलायचं नव्हतं तर नको. पण पळी तर माझ्याच हातात होती ना? पुढं जवळजवळ दोन महिने, दिवसातून दोन वेळा, ती माझ्यासमोर ताट घेऊन बसायची. मी रोज वरचं पाणी वाढलं. एकदा ती डब्याकडं बघून म्हणाली, ‘अक्का, मूठभर शेंगदाणे घेऊ का? लई खावंसं वाटून राहिलं.’ मी म्हणलं, पित्त होतं गं बाई, लेकराला बाधतं. तिनं मानलं. माझं ती सगळंच मानायची. डब्याचं झाकण मी घट्ट लावलं, हे मला आठवतं.

आठवा महिना लागला न् लागला तोच तिचं पोट दुखायला लागलं. हिंगोलीला नेलं. पोरगी झाली, दीड किलोची. काचेच्या पेटीत ठेवली होती. मी बघायला गेले तर बोटाएवढा हात, वरची कातडी सुरकुतलेली, छाती नुसती धडधड करत होती. मंगल बाहेर फरशीवर बसून म्हणत होती, ‘माझ्याच अंगात काही न्हाई अक्का, मीच लेकराला पोसू शकले न्हाई.’ आत्याबाईही तेच म्हणाल्या, पोरीची कुडीच नाजूक. सगळ्यांनी तेच म्हणलं. मी मंगलच्या पाठीवरून हात फिरवत होते.

पोरगी जगली. शिवकन्या नाव ठेवलं. आता कोणी म्हणेल, तिनं घट्ट वरण खाल्लं असतं तरी लेकरू बारीकच जन्माला आलं नसतं कशावरून? हे मीच स्वतःला लई वर्षं विचारलं, आणि त्याच्या आड लपले. असेलही तसं. पण मी दारात ते बोलले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं, की तिला खायला मिळायला नको.

शिवकन्या शाळेत रांगेत पहिली उभी राहते, सगळ्यांत बुटकी म्हणून. पळाली की दम लागतो. दर सर्दीला ताप. मी तिला जीव लावते, म्हंजे लोक म्हणतात तसं. रोज तिच्या ताटात डाळ मी वाढते, तिच्यासाठी मटकी भिजवते, दळणात सोयाबीनसुद्धा टाकते आता, आत्याबाईंना न सांगता. शेजारणी म्हणतात, मोठ्या आईचा केवढा जीव! मी ऐकून घेते.

आता हे सगळं मी पुरून टाकलं होतं, तर वर कसं आलं? मागच्या महिन्यात अंगणवाडीत आमच्या आळीतल्या पोटुशा बायांना बोलावलं होतं, ताटात काय काय असावं ते दाखवायला. मी आणि मंगल शेजारच्या सुनेला घेऊन गेलो, शिवकन्याबी आली मागं. सतरंजीवर वाट्या मांडल्या होत्या — मटकी, मूग, फुटाणे, शेंगदाण्याचा लाडू, दही. ती नवी पोरगी घाबरून म्हणाली, डॉक्टर अंडं खा म्हणतात, आमच्या घरात कसं करू? तशी मंगल म्हणाली, ‘अगं, मलाबी अंडीच सांगितली होती. आमच्यात कसं चालायचं? मग बसले तशीच.’

सेविका म्हणाली, ‘असं कसं? जी अंडं खात न्हाई तिला डाळ, मटकी, शेंगदाणे सांगतातच की. नुसतं अंडं सांगून कोणी डॉक्टर सोडून देत न्हाई.’

मंगल माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर संशय नव्हता हो, तेच तर. नुसतं विचारलं, जसं मीठ किती टाकलं विचारावं तसं.

‘अक्का, अजून काही म्हणल्या होत्या का त्या बाई?’

शिवकन्या माझ्या मांडीला टेकून मटकी खात बसली होती. दहा-बारा बाया माझ्याकडं बघत होत्या. दहा वर्षांत मी देवाला कितीदा म्हणलं होतं, एकदा संधी दे, मी सांगून टाकते.

‘न्हाई,’ मी म्हणलं. ‘नुसती अंडीच.’

‘बघा,’ मंगल सेविकेला म्हणाली. ‘म्हणल्या असत्या तर खाल्लं नसतं का मी? सगळं घरातच तर होतं.’

ती त्या नव्या पोरीची वाटी भरायला लागली.

दारात बोलले ती मत्सरानं बोलले. अंगणवाडीत कशानं? मंगलनं माझ्याशी बोलणं सोडलं असतं म्हणून, शिवकन्या मला मोठी आई म्हणणार न्हाई म्हणून, आळीत तोंड दाखवायला जागा राहिली नसती म्हणून. सगळं माझंच. मंगल आजही समजते की तिच्याच अंगात खोट होती आणि तिच्या पोरीला ती नडली. एका शब्दात तिचं ते ओझं उतरलं असतं, आणि तो शब्द फकत माझ्याकडं हाय.

उद्या तिनं परत विचारलं, तरी मी न्हाईच म्हणेन.