नत्थूच्या वाट्याचं कडवं

आमच्या कॅम्पात धोंडबाचं नाव काढलं का लोक आदी हसतेत. कावून का हा मानूस कोनतंई गानं शिकायच्या आदी एकच गोष्ट इचारते, "हे तुमच्याकडं कव्हा गातेत जी?" लग्नात का पेरनीत, पोट्टं झाल्यावर का मयतीत? समोरचा म्हनते, "गानं हाय बाप्पा, कव्हाई गा!" तरी हा सोडत नाई. लोक म्हनतेत, धोंडबाचं डोस्कं सरकलं. मी नाई हसत. मी सिंधू, तो वार्डबॉय हाय त्याच दवाखान्यात आया हाओ, आन् तो कावून इचारते ते मी माया डोळ्यानं पाह्यलं हाय.

धोंडबा आमच्याच तुमसरकडचा. गावाच्या भजन मंडळात खंजिरी वाजवे. भिलाईले लोखंडाच्या कारखान्याचे पाये खनून राह्यले होते तव्हा माती उचलाले आला. कोनी पडलं, कोनाचा हात दबला, का हाच आदी धावे आन् मानसाले असा उचले का दुखनाराई ओरडत नव्हता. ते पाहून त्याले टिनाच्या दवाखान्यात वार्डबॉय म्हून घेतलं. भट्टी पेटाची होती अजून, पन मानसं पडून राह्यली होती रोज. तेलगू, उडिया, पंजाबी, मल्याळी, सप्पा हिंदुस्थान त्या खाटांवर.

एका उडिया गड्याचा पाय जुडला, पन भेवानं तो पाय जमिनीवर टेकवेच ना. डॉक्टरसाहेब बंगाली, ते समजवून थकले. धोंडबानं घरून खंजिरी आनली आन् खाटीपाशी बसून नुसता ठेका धरला. हळू, लय हळू. गडी आदी बोटं हालवाले लागला, मंग टाच, आन् थोड्या दिवसात ठेक्यावर दरवाज्यापावतर चालत गेला. डॉक्टरसाहेब दारात उभे राहून पाहत होते. म्हनले, "दुपारी जेवनानंतर रोज बजाओ. आवाज कम रखना."

तव्हापासून धोंडबा न्याराच झाला. हातात फडकं, बादली, आन् डोस्क्यात गान्याचा हिसाब. छातीले मार लागला त्याले लांब ओढीचं गानं, म्हंजे श्वास आपोआप खोल जाये. हात सुन्न झाला त्याच्यासाठी टाळ्यांचं. पोटात आग घेऊन पडलेल्याले तर गानंच नाई, नुसतं गुनगुननं. सकाळी ठरवे, दुपारी मानसाचं तोंड पाहून जागीच बदलवे. ड्युटी सुटली का कॅम्पाकॅम्पानं फिरे, "तुमच्या गावचं एखांदं सांगा ना जी." त्याची बायको म्हने, "या बुवाले घरच्या पोट्ट्यांचं नाव याद नाई, आन् तेलग्याच्या मायचं गानं याद हाय!" खरं सांगू का, थोडा चढलाई होता तो. चालताना मान अशी वर. मीच चिडवे, "आता बाप्पा डॉक्टरसाहेबाची खुर्ची खाली करा लागन!" तो हसे, पन नाई म्हने ना.

मंग नत्थू आला.

नत्थू इथल्याच गावचा, छत्तीसगढी, नुकतंच लगन झालेला. मचानावरून पडला, डोस्क्याले मार. वरच्या जखमा भरल्या, पन मानूस वापसच आला नाई. डोळे उघडे, छताकडं लागलेले. बोलनं नाई, गिळनं नाई. नळीनं दूध द्या लागे. डॉक्टरसाहेबानं धोंडबाले आन् मले बाजूले घेऊन सांगतलं, "नळीवर हा आदमी जास्ती दिवस टिकनार नाई. मुंह से खाया नहीं तो हातचा जाईन."

उशापाशी त्याचा मोठा भाऊ सुखराम. दगडावानी बसून राहे. बायको मथुरा दुपारी गावावरून पेज घेऊन ये आन् पायथ्याशी बसे, पदर हनुवटीपावतर. त्यांच्यात भासऱ्याचा, म्हंजे नवऱ्याच्या मोठ्या भावाचा, लय धाक. भासऱ्याले सुनेनं तोंड दाखवाचं नाई, आपला आवाज त्याच्या कानावर जाऊ द्याचा नाई. म्हून ती बिचारी मुकाट पाय दाबत बसे. नवऱ्याले एक हाक नाई मारली तिनं तिथं. तव्हा मले ते दिसलं नाई, कोनालेच नाई दिसलं.

धोंडबानं नत्थूसाठी काय काय करून पाह्यलं. ठेका धरला, पाळण्याचं गाऊन पाह्यलं, होळीचं पाह्यलं. काई नाई. मंग म्हने, याले याच्याच बोलीतलं पाह्यजे. कॅम्पात एक म्हातारा गाठला आन् म्हनलं, "मनाले शांत करनारं सांगा." म्हाताऱ्यानं निर्गुनी भजन सांगतलं, हंस उडून गेला, पिंजरा खाली राह्यला असं काईतरी. आता आमच्या तुमसरले असं भजन गुरवारी चहा पिता पिता गातेत, मानसं डोलतेत. धोंडबाले ते मोठं गोड लागलं. चांगलं घोटलं त्यानं.

दुसऱ्या दुपारी सुखराम आंग धुवाले नळावर गेला होता. धोंडबा नत्थूपाशी बसला, डोळे मिटले आन् गाऊ लागला. काय गायला बाप्पा! खाटीवरचे गडीई डोलाले लागले. मलेई भरून आलं. आन् तेवढ्यात दारात पेजेचं भांडं पडल्याचा आवाज झाला.

मथुरा उभी होती. ती मटकन खाली बसली आन् दोन्ही हात चौकटीवर आपटाले लागली. खळ्ळकन बांगड्या! काच, रक्त, पेज, सप्पा एक. आन् असा गळा काढला तिनं का मी आयुष्यात इसरनार नाई. त्यांच्या गावात ती चाल फक्त तिरडीमांगं गातेत. दुसरीकडं कुठंच नाई. तिनं दुरूनच आइकलं आन् तिले वाटलं, गेला.

धोंडबा अजून डोळे मिटून गातच होता हो! मीच धावत जाऊन त्याच्या खांद्याले धरून हालवलं, "अवो चूप बसा! चूप!"

तिकून सुखराम आला, वल्ल्या आंगानंच. त्यानं धोंडबाची गचांडी धरली. "जिंदा आदमी को मरघट का गाना सुनाते हो? तुमको शरम नहीं?" धोंडबानं नुसते हात जोडले. मी मथुराच्या हाताले पट्टी बांधली आन् तिले नत्थूपाशी नेलं, "पाह्य वो बाई, जिवंत हाय, श्वास पाह्य." तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला आन् तो वरखाली होताना पाहत राह्यली. नवरा जिवंत असताना बांगड्या फोडल्या तिनं! हे काय साधं हाय?

त्या दिवसापासून धोंडबा खल्लास. मान जी खाली गेली ती वर येईना. खंजिरी घरी नेऊन टाकली. वार्डात आला का नत्थूच्या खाटीकडं पाठ करून झाडे. मथुरा दिसली का मोरीत जाऊन उभा राहे. मले म्हने, "सिंधुताई, तिच्यासाठी बांगड्या आनून देजो. मी कशा आनू? मले तोंड नाई." आनल्या मी, भरल्याई तिच्या हातात. हा दाराआड उभा राहून पाहत होता, आन् बांगड्या वाजल्या तसा लहान पोट्ट्यावानी रडाले लागला. मंग कपडे धुवायच्या खोलीत ड्युटी मांगाले निघाला. मले राग आला. मी म्हनलं, "वारे वा! तुमाले शरम आली म्हून त्यानं मरावं का? चुकले त चुकले. तुमी इचारलंच नाई ते गानं कशाचं, आता इचारा!"

"कोनाले इचारू? कोन्या तोंडानं?"

"मी इचारीन बाप्पा. मले हाय तोंड."

मथुराले मी नळावर गाठलं. इचारलं, नत्थू कव्हा काई गाये का? तिनं आदी इकडंतिकडं पाह्यलं. मंग पदराआड हसली, कान लालेलाल. म्हने, ददरिया, त्यांच्याकडचं पिरमाचं सवाल-जवाबाचं गानं. धानाच्या रोवनीच्या टाइमाले हा एका बांधावर, ही दुसऱ्या बांधावर. अर्धं बाईनं म्हनाचं, अर्धं गड्यानं जोडाचं, नाई जोडलं त हार. तसंच जमलं म्हने त्यांचं, लगनाच्या आदी.

धोंडबाले सांगतलं तसं त्यानं कितीतरी दिवसानं मान वर केली. "सिंधुताई, मी मूर्ख हाओ," म्हने. "आतापावतर मी सप्पा पुरं पुरं गात होतो. त्याच्यासाठी जागाच सोडली नाई. अर्धं पाह्यजे. आन् ते तिलेच गावं लागन."

पन भासऱ्यादेखत सुनेनं ददरिया गावा? तीस-चाळीस गड्यांच्या वार्डात? मथुरानं कानाले हात लावले. मंग धोंडबा सुखरामपुढं गेला. ज्यानं गचांडी धरली त्याच्यापुढं, मान खाली, हात जोडलेले. "भाऊ, मेरा मुंह नहीं है आपसे मांगने का. पन थोडा टाइम बाहर बैठो. बहू को गाने दो." सुखराम लालबुंद झाला. "हमारे घर की बहू इन मर्दों के बीच ददरिया गाएगी? हम क्या नाचने वाले हैं?" धोंडबा तसाच वापस आला. कोपऱ्यात जाऊन बसला आन् भिंतीले डोस्कं टेकवलं. मले वाटलं, सरलं आता.

दुसऱ्या दुपारी नळीतलं दूधई नत्थूनं ओकलं. सुखराम त्याच्याकडं पाहत राह्यला, लय वेळ. मंग उठला. कोनाकडंच पाह्यलं नाई. "बीड़ी पीने जाता हूँ," म्हने. अवो, तो मानूस बीडी पीतच नव्हता! खिडकीतून पाह्यलं त भाईर खिडकीखालीच बसला होता, गुडघ्यात डोस्कं घालून, गमछा कानावर गुंडाळून.

धोंडबानं भराभर दोन खाटांच्या मंदी चादर बांधली. मथुरा भिंतीकडं तोंड करून बसली. आवाज निघे ना. शेवटी निघाला, दबका: आंब्याखाली तुया गमछा राह्यला, न्याले येशीन का? आन् थांबली. धोंडबा नुसता दोन बोटानं खाटीच्या पट्टीवर ठेका धरून, नत्थूच्या ओठाकडं पाहत.

काई नाई.

परत म्हनलं. काई नाई. पल्याड कोन्यातरी मेल्यानं शिटी मारली. मी ओरडली, "तुया मायले बी ऐकव जाऊन ती शिटी!" पन मथुराचा आवाज फाटला. तिनं पदर तोंडात कोंबला आन् उठाले लागली. तिच्या पाठीकडं पाहून मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपनच आनलं या पोरीले इथं, बाजार मांडला तिच्या संसाराचा.

तव्हा धोंडबानं काय केलं? तीन लेकरांचा बाप हा, चाळिशीचा. त्यानं स्वताच नत्थूच्या वाट्याचं कडवं म्हनलं! तुमसरी जिभेनं, वाकडंतिकडं, अर्धं स्वताच जुळवून: गमछा त मीनं मुद्दाम सोडला, तुले पाहाले याचं होतं. दुसऱ्याच्या बायकोले, भर वार्डात! सप्पे हसले. त्याचं तोंड शरमेनं काळं पडलं, कपाळावर घाम, पन गानं सोडलं नाई. पट्टीवर ठेका चालूच. डोळ्यानंच मथुराले इनवन्या करून राह्यला होता, जोड ना बाई, जोड ना.

आन् मथुरा बसली खाली. कशाचं काय झालं कोन जाने, तिनं तोंडातला पदर काढला आन् यावेळी आवाज मोकळा सोडला. पायातले पैंजन काढून येईन म्हने, सासू झोपली का येईन, कोनाले चाहूल लागू देनार नाई.

नत्थूच्या कपाळावर आठी पडली. मी पाह्यली. ओठ हालले, लय कष्टानं, सुकलेले.

"चुप वो..." म्हनला. "भइया सुनही."

चूप बस, भाऊ आइकन. इतक्या दिवसाचा तो मुका मानूस, आन् पयला शब्द हा! मथुरा जागच्या जागी थिजली. आन् तेवढ्यात खिडकीखालून सुखरामचा आवाज आला. रडून रडून फाटलेला, पन जिवाच्या आकांतानं ओरडला तो.

"नइ सुनत हंव रे! मैं कुछू नइ सुनत हंव! गावन दे बहू ला!"