पारा चढायच्या आधीचे दिवस

लग्नाला सहा वर्षं होऊनही माझी कूस उजवली नव्हती, आणि बार्शीला आत्याबाईंच्या भावाची लेक उपवर झाली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. दिवाळीपर्यंत काही दिसलं नाही तर ती पोर माझी सवत होऊन येणार, हे त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं. नवरा गिरणीत कारकून, पण आईपुढं ब्र काढायचा नाही. माझं मलाच बघणं भाग होतं.

सात रस्त्याजवळ मुंबईला शिकून आलेली एक डॉक्टरीणबाई बसायची. देवळात जाते असं सांगून मी तिच्याकडं गेले. तिनं पाळीचे दिवस विचारले आणि हातात थर्मामीटर अन् चौकड्यांचा कागद दिला. "रोज जाग आली की आधी हा जिभेखाली. उठायचं नाही, बोलायचं नाही, चूळसुद्धा भरायची नाही. मग पारा ह्या कागदावर मांडायचा. दोन पाळ्यांच्या मध्ये पारा कधी चढतो ते मला बघायचंय."

सांगायला काय जातं! आमच्याकडं सून गिरणीच्या भोंग्याआधी उठली पाहिजे. त्यातून मी झोपायची आत्याबाईंच्याच शेजारी. त्यांनी माझ्यासाठी अक्कलकोटला नवस बोलला होता. मूल राहीपर्यंत दर महिन्याला, पाळीच्या पाचव्या दिवशी न्हाणं झालं की पुढं बारा दिवस सुनेनं नवऱ्यापासून लांब, सासूजवळ चटई टाकून झोपायचं.

"काय चोखतीस गं?" तिसऱ्याच सकाळी त्यांनी मला पकडलं. बोलायची बंदी, म्हणून मी हातानंच थांबा म्हटलं. झालं! थर्मामीटर त्यांनी आजवर एकदाच पाहिला होता, क्षयानं गेलेल्या धाकट्या जावेच्या तोंडात. संध्याकाळी माझा ताट-तांब्या वेगळा निघाला; चटई मात्र नवसाची, ती जवळच राहिली. शेजारणीला म्हणाल्या, "रोगट पोर गळ्यात मारली बघ आमच्या."

मीही काही गाय नव्हते. त्यांची प्रत्येक कुजबुज मला बार्शीचीच वाटायची. त्या चुलीशी बसल्या की कागद सुरक्षित आहे का ते बघून यायची, अन् थर्मामीटर कधी उशीत तर कधी डाळीच्या डब्यात दडवायची.

तीन महिन्यांचे कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाली, "तुझ्यात काही खोट दिसत नाही. पण पारा चढला की वेळ गेली. त्याआधीचे चार-पाच दिवस महत्त्वाचे. तेव्हा नवरा गावाला असतो का?"

ते सगळे दिवस चटईवरचे होते! टांग्यात बसल्या बसल्या माझं डोकं भणभणलं. ही बाई मूल मागत होती, की भाचीसाठी वाट मोकळी करत होती?

घरात शिरले ती कागद त्यांच्यापुढं टाकत. "हा क्षय न्हाय, आत्याबाई. एक चौकडी म्हंजे एक दिवस. पोटी राहायचं असलं तर हे दिवस. आणि ह्या दिवसांत मी कुटं झोपते? तुमच्याजवळ! नवस मूल व्हावं म्हणून बोललात, का होऊ नये म्हणून?"

वाटलं, आता हातातली पळी माझ्या अंगावर येणार. पण त्यांनी पळी ठेवून कागद ओढला. चौकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी दिवस मोजले, परत मोजले.

"माझ्या सासूनं मला बी असंच जवळ झोपवलं हुतं," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सं. लई कडक नेम."

"मग हे कसे झाले?" मी नवऱ्याबद्दल विचारलं.

"ती मेली. म्होरच्या साली ह्यो झाला." त्यांचे डोळे भरून आले. "मला वाटलं, नेम फळाला आला."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. तीन महिने मी ह्या बाईला वैरीण समजत होते. त्यांनी माझं वेगळं ताट उचलून आपल्या ताटांत ठेवलं आणि माझी चटई गुंडाळायला घेतली.

"पोराला सांग, बार्शीला चिठ्ठी टाक. पोरगी दुसरीकडं द्या म्हणावं."

"आणि नवस?"

"देवाचं मी बघते की," त्या म्हणाल्या. "तू तुजं चौकड्याचं बघ."