फळ्यावर न लिहिलेलं नाव

“डॉक्टर, आमच्या बिल्डिंगचं नाव तेवढं फळ्यावर लिहू नका.”

सोसायटीचे सेक्रेटरी दवाखान्यात शिरता शिरताच बोलले. बसलेसुद्धा नाहीत. मागे सुलभा उभी होती. तिची मुलगी माझी पेशंट. कावीळ झालेली. त्या बिल्डिंगमधली त्या आठवड्यातली तिसरी.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. डोंबिवलीत माझा दवाखाना होता आणि दाराबाहेर एक काळा फळा. रोज सकाळी त्यावर मी चार ओळी लिहायचे. काल काय पाहिलं, लोकांनी काय सांभाळावं. खाली माझी सही. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, ठाण्याच्या खाडीवर मासेमारी करायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्या सहीचा मला अभिमान होता आणि तो मी कधी लपवला नाही. फळ्याचा नियम एकच होता: पेशंटचं नाव लिहायचं नाही, ओळख पटेल असंही काही लिहायचं नाही.

पण हे नाव पेशंटचं नव्हतं, बिल्डिंगचं होतं. ही कावीळ पाण्यातून पसरते. गटाराचं पाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं की लिव्हर सुजतं, डोळे पिवळे होतात. लहान मुलं बहुतेक बरी होतात. धोका असतो तो गरोदर बाईला. तिच्या जिवावर बेततं. आणि त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर शुभांगी राहायची. सातवा महिना, माझ्याकडेच नाव घातलेलं.

“खालची टाकी उघडा,” मी म्हटलं. “शेजारीच ड्रेनेजचा चेंबर आहे तुमचा.”

“उघडू ना. मीटिंगमध्ये विषय घेतो. पण नाव नको. दोन मुलींची लग्नं बघतोय आम्ही. पिवळी बिल्डिंग म्हणतील लोक.”

मी सुलभाकडे बघितलं. वाटलं, हिची पोर अंथरुणाला खिळलीय, ही तरी भांडेल.

“नकाच लिहू, मॅडम,” ती म्हणाली. “मी उकळून पाजते तिला.”

आजारापेक्षा आजाराच्या नावाची भीती मोठी, हे कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं.

म्युनिसिपालिटीत मी कळवलं होतं. त्यांचा माणूस पाण्याचं सॅम्पल घेऊन गेला होता, रिपोर्ट यायचा होता. शेवटी ठरलं ते असं: मी नाव लिहायचं नाही, सेक्रेटरींनी आजच घरोघरी जाऊन, शुभांगीकडे सगळ्यात आधी, पाणी उकळायला सांगायचं. त्यांनी मान डोलावली. मी फळ्यावर लिहिलं, ‘या गल्लीतल्या एका इमारतीच्या टाकीत गटाराचं पाणी शिरत असावं. सर्वांनी पाणी उकळून प्या.’

दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे पेशंट कमी आणि कमिट्या जास्त.

“मॅडम, आमची बदनामी का केलीत?” पहिल्या कमिटीवाले म्हणाले.

“तुमचं नाव कुठेय?”

“नाव कशाला हवं? सगळ्यांना कळतं. टाकी उघडली आम्ही काल. एक कबुतर निघालं, बस. गटार नाय.”

दुसऱ्यांच्या टाकीत चप्पल निघाली. तिसरे उघडायच्या आधीच भांडायला आले होते. गल्लीतल्या झाडून सगळ्या टाक्या धुतल्या गेल्या. मला मनातून हसू येत होतं. चार ओळींनी एवढं काम केलं म्हणून खूशही होते.

त्या एका बिल्डिंगमधून मात्र कोणीच आलं नाही.

आली ती शुभांगी, आठवडाभराने. तीही तपासणीच्या तारखेला, ठरल्याप्रमाणे. मी तिला खिडकीजवळ उभं केलं आणि पापणी खाली ओढली. डोळा पिवळा होता.

“उलट्या कधीपासून?”

“झाले पाच-सहा दिवस. सासूबाई म्हणाल्या, पोटुशी बाईला व्हायचंच.”

“अगं, फळा वाचला नाहीस? पाणी उकळत होतीस ना?”

“वाचला की. पण ते समोरच्या बिल्डिंगचं ना? सेक्रेटरी काका घरोघरी येऊन सांगून गेले. आपली टाकी स्वच्छ आहे, काळजी नको म्हणून.”

मी खुर्चीत बसले. माणूस घरोघरी गेला होता. शब्द दिल्याप्रमाणेच गेला होता.

तिला कावीळ फळ्याच्या आधीच लागली होती. पाण्यातून आत गेलेला हा आजार डोळ्यांत दिसायला काही आठवडे घेतो. पण नाव लिहिलेलं असतं, तर पहिल्या उलटीलाच ती माझ्याकडे धावत आली असती.

तिला टॅक्सीत घालून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मग बाहेर आले, फळा पुसला आणि बिल्डिंगचं पूर्ण नाव लिहिलं. खाली सही. सेक्रेटरी तासाभरात हजर.

“तुम्ही शब्द मोडलात.”

“तुमच्या तिसऱ्या मजल्यावरची शुभांगी आत्ता हॉस्पिटलात गेली. टाकी उघडा.”

संध्याकाळी टाकी उपसली. चेंबरच्या बाजूची भिंत तडकलेली होती आणि तिथून काळं पाणी झिरपत होतं. बघायला सगळी बिल्डिंग जमली होती. नाकाला पदर लावून सुलभाही. सकाळपर्यंत हेच पाणी सगळे पीत होते.

शुभांगी बरेच दिवस हॉस्पिटलात होती. बाळ लवकर झालं, अगदी छोटं, पण दोघंही वाचली. त्यात माझी हुशारी काही नाही. अशा केसेसमध्ये बऱ्याच जणी वाचत नाहीत.

फळा मी पुढेही बरीच वर्षं लिहिला. नियमात फक्त एक ओळ वाढवली. नाव पेशंटचं झाकायचं असतं, टाकीचं नाही.