अकरा वेळा खोडलेली वाट

गेल्या रविवारी आमच्या पल्लवीचा साखरपुडा झाला, आणि त्याच दिवशी मला कळलं की मी किती आडमुठा माणूस आहे...

आमचं गाव कर्नाटकात, भालकी तालुक्यात. मी मराठी शाळेत मास्तर, आणि रिकाम्या वेळात इंटरनेटवरच्या एका नकाशात आपल्या भागातले रस्ते, विहिरी, देवळं भरत असतो. कुणीही भरावं, कुणीही दुरुस्त करावं, असा तो नकाशा. पगार नाही, पण रुबाब फार!

गावात येणारी नाल्याकडची वाट मीच त्यात घातली होती. डांबरी रस्त्याने मोठा वळसा पडतो, आणि मी रोज याच वाटेने मोटारसायकलवर शाळेत जातो. दिवाळीनंतर कुणीतरी ती खोडली. मी परत घातली. त्याने परत खोडली...

पहिल्यांदा त्याने मराठीत एवढंच लिहिलं होतं, की ही वाट बरोबर नाही. त्या एका ओळीत शुद्धलेखनाच्या चार चुका. मी चारही दुरुस्त केल्या आणि खाली लिहिलं, 'आधी शुद्ध लिहायला शिका, मग रस्ते शिकवा.'

त्यानंतर तो कन्नडमध्ये लिहायला लागला. मला वाटलं, मुद्दाम डिवचतोय! अक्षरं लावत लावत मला कन्नड वाचता येतं, पण हट्टाने एकही ओळ वाचली नाही. त्याने खोडायचं, मी टोमणा मारून परत घालायचं... असं पहिली वेळ धरून दहा वेळा झालं.

शनिवारी संध्याकाळी वाट नकाशात आहे ना, ते मी नीट बघून घेतलं. व्याही मंडळी उदगीरहून टेम्पो ट्रॅव्हलरने येणार होती, लेकराबाळांसकट अठरा माणसं. त्यांना ऐटीत सांगून टाकलं, हाच मॅप लावा, शॉर्टकट दिसेल.

मुहूर्त साडेदहाचा. अकरा वाजले तरी गाडीचा पत्ता नाही... माझा जीव टांगणीला. शेवटी आली एकदाची, आणि ड्रायव्हर उतरत उतरत म्हणाला, "शॉर्टकट कुठाय सर? मॅप तर डांबरी रोडच दावायलाय."

फोन उघडून बघतो तर वाट सकाळीच खोडलेली. अकराव्यांदा! माझं डोकंच फिरलं. अंगणात उभा राहूनच ती परत घालायला लागलो, तेवढ्यात बायकोने हातातला फोन ओढून घेतला.

"पाव्हणे दारात आन् तुमी काय करायलाव?"

तिचं माहेर कलबुर्गीकडचं, शिक्षण कन्नडमधून. त्याने खाली लिहिलेली कन्नड ओळ तिने सहज वाचली. मग हळू आवाजात मला मराठीत सांगितलं... नाल्यावरच्या पुलाचा पाईप फुटलाय, खालची माती वाहून गेलीय. वरून कळत नाही. मोटारसायकल जाते, पण भरलेली गाडी आली तर खाली जाईल.

मागे जाऊन पाहिलं. कन्नडमधल्या प्रत्येक ओळीत त्याने हेच लिहिलं होतं.

जेवणं उरकली, पाहुण्यांना डांबरी रस्त्याला लावून दिलं आणि मी नाल्यावर गेलो. खाली उतरून वाकून पाहिलं, तर मी आत बसू शकेन एवढी पोकळी, आणि वर जेमतेम वीतभर मुरूम.  तिथेच दगडावर बसलो आणि खरं सांगतो, रडलो... सुटलो म्हणून रडलो. मग पुलाच्या दोन्ही तोंडांना बाभळीच्या काट्या टाकून वाट बंद केली.

रात्री त्याला माफीचा मेसेज केला, नंबर दिला. सकाळी फोन आला. साखर कारखान्याचा स्लिपबॉय निघाला, उसाच्या तोडीच्या चिठ्ठ्या घेऊन शेतोशेत फिरणारा. कुठल्या वाटेवर किती वजन चालतं, हे त्याला रोज बघावंच लागतं.

"मराठी बोलाय येतंय सर, लिवाय चुकतंय. तुमी रागावलाव, म्हणून कन्नडात लिवलो."

 एवढं ऐकून घेऊन कामून खोडत राहिलास, विचारलं. तर म्हणतो, "कुणीबी येतंय की सर त्या वाटंनं."

पल्लवीच्या सासरची अठरा माणसं त्या दिवशी हसतखेळत उदगीरला पोचली. त्यातल्या एकालाही न ओळखणारा माणूस त्यांच्यासाठी माझे टोमणे खात होता... दादा, तू दमला नाहीस, हे आमच्या लेकीचं नशीब.