काकांच्या अंगातलं ॲनिलिन

काका रंगाच्या कारखान्यात ॲनिलिनच्या खात्यात लागले. ॲनिलिन हे तेलासारखं रसायन. त्याच्यापासून कपड्यांचे रंग करतात, आणि ते अंगात गेलं तर माणसाचे ओठ निळे पडतात. वर दारू प्यायली तर बघायलाच नको, म्हणून त्या खात्यातल्या सगळ्यांना दारू बंद.

काकांना दारू मुळातच आवडायची नाही. पण "आवडत नाही" हे उत्तर काकूच्या भावाला कधी पटलंच नाही. प्रत्येक लग्नात तो ग्लास पुढे करायचा आणि काका शांतपणे म्हणायचे, "अंगात ॲनिलिन आहे." मग तो हळहळायचा आणि काकांच्या वाटणीचीही पिऊन टाकायचा.

पुढे काकांची बदली पॅकिंगला झाली. घरात हे फक्त काकूला माहीत होतं.

काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी मेहुणा बाटली घेऊन हजर. "सुटलात भावोजी. आता कसली सबब?"

काकांनी आरशात ओठ नीट निरखले. "जितकी वर्षं आत गेलं, तितकीच वर्षं बाहेर पडायला लागतात म्हणे."

मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं.

"डॉक्टर कालच सांगत होते," काकू म्हणाली आणि तिने भावापुढे एकच ग्लास आणून ठेवला.