डिमोनातला विकेटकीपर

बीरशेबाहून बस सुटली तेव्हा वाटलं, पुढे गाव असणारच नाही. दोन्ही बाजूंना पिवळट माती, मधूनच काळ्या शेळ्या. शेजारच्या बाईंनी सोललेलं संत्रं पुढे केलं. मी ‘तोदा’ (हिब्रूत आभार) म्हणाले. एवढा एकच शब्द मला बिनचूक येत होता.

रिबका मावशीचं घर म्हणजे डिमोनाच्या उतारावर सिमेंटच्या दोन खोल्या. तिने माशाची आमटी वाढली, नारळाच्या रसाशिवाय. “खोबरं कुठलं गं इकडे? वाळू घे हवी तेवढी.” तिचा मुलगा मोझेसदादा हसला. तो कापडाच्या गिरणीत मागावर होता. तुटलेला धागा शोधणं हेच त्याचं काम.

शनिवारी दुपारी त्याने मला मैदानावर नेलं. मावशीही चालत आली. अमेरिकेहून आलेले एक मास्तर तिथे सॉफ्टबॉल शिकवत. मुंबईत विकेटकीपर होता म्हणून दादाला फलंदाजाच्या मागे बसवत. मास्तरांनी तारेचा मुखवटा त्याच्यापुढे धरला आणि इंग्रजीत म्हणाले, “हा घाल. आणि मागे सर.”

दादा माझ्याकडे वळला. “जन्मभर स्टंपला चिकटून उभा राहिलो. आता तोंडाला पिंजरा लावू? माकड आहे का मी?”

मुंबईहून तिकडे गेलेली, मैदानावर खेळणारी सगळी पोरं हसली.

“लाव की रे मेल्या! डोळ्यांवर पोट आहे तुझं,” मावशी म्हणाली.

“आई, तू शब्बाथ पाळ. मी विकेट राखतो.”

थोड्या वेळाने चेंडू बॅटच्या कडेला लागला आणि सरळ त्याच्या तोंडावर आला. दादा गुडघ्यांवर बसला. बोटांमधून रक्त येत होतं. “मा कारा?” (काय झालं?) म्हणत पोरं धावली. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, बस नसते. मास्तरांनी जीप आणली. उभ्या जन्मात शब्बाथला गाडीत न बसलेली मावशी पदर आवळून आत चढली. वाटभर एकच पुटपुट: “एलियाहू हन्नाबी, मलिदा करीन” (प्रेषित एलियाहूला गूळ-पोह्यांचा नवस).

इस्पितळातल्या डॉक्टरांना इंग्रजी येत होतं. डोळा वाचणार नाही, असं ते मला म्हणाले. मावशीला मराठीत सांगायचं माझ्यावर आलं. मी हळू बोलले. तिला ऐकू गेलं नाही. मग तेच मोठ्याने सांगावं लागलं.

दादाला मागावरून काढून गोदामात घातलं. मावशीने मलिदा केलाच. “दुसरा राहिला ना,” म्हणाली आणि पोह्यांवर केळी मांडत राहिली.

मी निघायच्या सुमारास तो पुन्हा मैदानावर दिसला. बराच मागे सरकून बसलेला, तोंडावर मुखवटा.

“आता घातलास?”

“एकच उरलाय गं.”

ठाण्यात परतल्यावर सगळे विचारतात, काय पाहिलंस? मी संत्र्यांच्या बागांचं सांगते. पण संध्याकाळी मैदानावरून जाताना एखादा कीपर स्टंपला चिकटून उभा दिसला, की मी रस्त्यावरूनच ओरडते, “मागे सर!” लोक वळून बघतात. बघू देत.